जखमेवरची तंबाखू

माझ्या डाव्या अंगठ्याजवळ एक जुना वण आहे. नऊ-दहा वर्षांची असेन. विळीवर भेंडी चिरताना हात घसरला आणि रक्ताची धार लागली. आज्जीनं कमरेची चंची सोडली, चिमूटभर तंबाखू जखमेवर दाबली आणि वरून जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधली. "गप, रडू नकोस. तंबाखूनं रगात थांबतंय आणि जखम बी लवकर भरतीय." मला मात्र आगीचा निखारा ठेवल्यासारखं भगभगत होतं. पुढं ती जखम चिघळली, बरी व्हायला बरेच दिवस लागले आणि हा वण कायमचा राहिला.

माझी आज्जी व्रतानियमाची बाई. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब घ्यायची नाही. पाणी गाळल्याशिवाय वापरायची नाही. कांदा-बटाटा आमच्या घरात कधी आला नाही. रोज सकाळी बस्तीत दर्शन घेतल्याशिवाय चहा नाही. पण कमरेला चंची होती आणि परड्यात तव्यावर तंबाखू भाजून ती मिश्री करायची. त्या दिवशी घरभर असा जळजळीत धूर कोंडायचा की आम्हा पोरांच्या डोळ्यांतून पाणी थांबायचं नाही. "डोळं धुऊन निघत्यात त्या धुरानं, चांगलं असतंय," असंही ती म्हणायची.

तंबाखू जखमेला चांगली, धूर डोळ्यांना चांगला. हळद-लिंबासारखं हेसुद्धा आपल्याच मातीतलं शहाणपण असणार, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. पुढं थोडं वाचन झालं तेव्हा कळलं की हा उपाय आज्जीच्या आज्जीचासुद्धा नव्हता. तो समुद्रापलीकडून आला होता.

तंबाखूचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. तिथल्या लोकांकडून ते सोळाव्या शतकात युरोपात गेलं आणि तिथं आधी चैनीपेक्षा औषध म्हणूनच त्याचा गाजावाजा झाला. १५६० च्या सुमाराला झां निको हा फ्रान्सचा वकील पोर्तुगालमध्ये लिस्बनला होता. चिघळलेल्या गाठी आणि जखमा तंबाखूच्या पानानं बऱ्या होतात असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं ती पॅरिसच्या दरबारात पाठवली. निकोटिन हे नाव त्याच्याच नावावरून पडलं. १५७१ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरातला वैद्य निकोलास मोनार्देस यानं आपल्या ग्रंथात तंबाखूचे गुण भरभरून गायले. ताजी जखम, जुनी जखम, विषारी बाणाची जखम, सगळ्यांवर हे पान चालतं, असा त्याचा दावा. त्याची खात्री पटवायला त्यानं एक गोष्ट सांगितली आहे. राजाच्या हुकमानं एका लहान कुत्र्याच्या गळ्याला जखम केली, तीत विष भरलं आणि मग तंबाखूचा रस ओतला. कुत्रं जगलं, म्हणून औषध खरं ठरलं! एका मुक्या जिवावर केलेला एक प्रयोग, आणि त्यावर पुढं शेकडो वर्षांचा विश्वास.

ही तंबाखू आपल्याकडं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. गोवा १५१० पासून त्यांच्या ताब्यात होता. तिथून घाट चढून ती दख्खनेत आणि विजापूरच्या आदिलशाहीत पोचली. तेव्हा आपलं बेळगावही आदिलशाहीतच होतं. १६०४ च्या सुमाराला अकबर बादशहाचा असद बेग नावाचा सरदार कामगिरीवर विजापूरला आला होता. त्यानं तिथं तंबाखू पाहिली. उत्तरेत त्यानं ती कधी बघितलेली नव्हती. परत जाताना त्यानं रत्नं जडवलेली नळी आणि तंबाखू बादशहासाठी नेली.

अकबरानं कौतुकानं दोन झुरके घेतले. दरबारच्या हकिमाला ते आवडलं नाही. आपल्या ग्रंथांत ज्या वस्तूचा उल्लेख नाही, तिची परीक्षा केल्याशिवाय ती घेऊ नये, केवळ फिरंगी घेतात म्हणून तर नाहीच नाही, असं त्याचं म्हणणं. असद बेगनं उलट युक्तिवाद केला की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती. हा सगळा प्रसंग त्यानं स्वतःच लिहून ठेवला आहे. बादशहाला असद बेगचं बोलणं पटलं. हकीम हरला आणि परीक्षा राहून गेली. लवकरच अमीर-उमरावांत तंबाखूची चाल पडली. १६१७ मध्ये जहांगिरानं बंदीचा हुकूम काढला, पण तोवर उशीर झाला होता.

मला या गोष्टीतला तो हकीम फार जवळचा वाटतो. तंबाखू वाईट आहे असं तो म्हणाला नव्हता. आधी परीक्षा करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आता आपल्या घरात येऊ या. लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्या सप्तव्यसनं पाठ करतो. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. यात तंबाखू कुठं आहे? नाही. नाही, कारण ही यादी तंबाखूच्या कितीतरी शतकं आधीची आहे. आचार्यांनी जी वस्तू पाहिलीच नाही, ती यादीत येणार कशी? आपण मात्र त्यातून सोयीचा अर्थ काढला. यादीत नाही, म्हणजे चालते. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे सांगितलेत. त्यांत विषवाणिज्य आहे, म्हणजे विषाचा व्यापार. तंबाखूची पोती वखारीत रचताना तो शब्द कुणी आठवला नाही.

निपाणीचं नाव सगळीकडं तंबाखूनं झालं. त्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू उत्तम येते. आपल्या समाजाची घरं शेतीतली. ज्यानं त्यानं तंबाखू लावली आणि त्या पैशावर मुलं शिकली, मुलींची लग्नं झाली, बस्तींचे जीर्णोद्धार झाले. मीसुद्धा त्याच पैशावर शिकले. हे लपवून हा लेख लिहिणं खोटेपणाचं होईल.

पैसाही सरळ हातात पडत नव्हता. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर येऊन बसले. तीन आठवडे बायकापोरांसकट रस्त्यावर संसार. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. त्याच्या थोडं आधीपासून वखारींतल्या बायकाही प्रा. सुभाष जोशींच्या नेतृत्वाखाली संघटित होत होत्या. तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची कामं त्यांची. तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुरळ्यात बसायच्या. संध्याकाळी घरी जाताना डोळे लालभडक आणि खोकल्याची ढास. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. शेतकऱ्याला भाव पाहिजे होता आणि त्या बायकांना मजुरी. दोन्ही मागण्या न्यायाच्याच होत्या. पण ही वस्तू माणसाच्या शरीरात जाऊन काय करते, हा हकिमाचा जुना प्रश्न तेव्हाही कुणाच्या तोंडी नव्हता.

आमचे अण्णा विडी ओढायचे. घरात नाही, परड्याच्या मागं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो वास यायचा, आई फक्त खिडकी ओढून घ्यायची. चातुर्मासात महाराज गावात असले की अण्णा वेलदोडा चघळत प्रवचनाला बसायचे.

१९९६ मध्ये त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मी माहेरी गेले होते. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "काका, विडी-सिगारेट?" अण्णा खाली बघत राहिले. आईच पुढं झाली. "नाही हो डॉक्टरसाहेब. आम्ही जैन. आमच्यात असलं काही नसतंय." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी शेजारी उभी होते. मला खरं माहीत होतं. मी गप्प बसले.

ऑपरेशन नीट झालं. पण सहाव्या दिवशी टाके लाल झाले, आठव्या दिवशी पू आला आणि जखम उसवली. पुढं दोन महिने रोज ड्रेसिंग. आईनं किती रात्री जागून काढल्या! एक दिवस ड्रेसिंग करता करता डॉक्टरांना अण्णांच्या बोटांवरचे पिवळे डाग दिसले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, हे आधी सांगितलं असतं तर ऑपरेशन महिनाभर पुढं ढकललं असतं. घाई नव्हती." मग थांबून म्हणाले, "विडीमुळंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण विडी ओढणाऱ्याची जखम भरायला त्रास होतो, हे आम्ही रोज बघतो." आई काही बोलली नाही. वाटेत बसमध्ये मात्र ती पदरात तोंड लपवून रडली.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. हकिमानं मागितलेली परीक्षा शेवटी झाली होती, पण पावणेचारशे वर्षांनी. १९७७-७८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी आधी हाताच्या एका न भरणाऱ्या जखमेवर आणि मग निकोटिन दिलेल्या सशांच्या कानांवरच्या जखमांवर अभ्यास केला. निकोटिननं जखमा उशिरा भरल्या. त्या सशांचा विचार मनात येतो तेव्हा मी त्यांची क्षमा मागते. सेव्हिलच्या त्या कुत्र्यावरून जगानं खोटा निष्कर्ष काढला होता, तो खोडायलाही पुन्हा मुके जीवच लागले. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला चेहऱ्याच्या १,१०० हून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला. शिवलेली कातडी मरून काळी पडण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे १२ पट निघाला.

असं का होतं? जखम भरायची म्हणजे तिथं नवं मांस, नवी कातडी तयार व्हायला पाहिजे आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. धुरातल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे रक्तच कमी पोचतं. जे पोचतं त्यात धुरातला कार्बन मोनॉक्साइड असतो. प्राणवायूपेक्षा तो रक्ताला दोनशेपट घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. एक सिगारेट ओढली तरी कातडीखालचा प्राणवायू पाऊण-एक तास कमी राहतो. मग दिवसभर विडीमागून विडी ओढणाऱ्याच्या जखमेला श्वास घ्यायला सवड कधी मिळणार? आणि विडी लहान दिसते म्हणून सौम्य नसते. तिच्या धुरात हे सगळं सिगारेटइतकंच, कित्येकदा जास्त असतं.

डॉक्टरांच्या 'महिनाभर' या शब्दाचा अर्थ मला २००३ मध्ये छापून आलेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात सापडला. ७८ माणसांनी आपणहून अंगावर लहान लहान जखमा करून घेतल्या होत्या. कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या २ टक्के जखमांत जंतुसंसर्ग झाला, तर ओढत राहिलेल्यांच्या १२ टक्के जखमांत. आणि ज्यांनी चार आठवडे ओढणं बंद ठेवलं, त्यांचा संसर्ग पुष्कळ कमी झाला. चार आठवडे! म्हणजे आईनं 'आमच्यात असलं काही नसतंय' म्हटलं नसतं, किंवा मी तोंड उघडलं असतं, तर अण्णांना ते चार आठवडे मिळाले असते.

डोळ्यांचा इतिहास याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोचे विल्यम मॅकेन्झी आणि लंडनचे जोनाथन हचिन्सन यांच्यासारख्या डॉक्टरांना शंका आली होती की खूप पाइप ओढणाऱ्यांची नजर मंद होत जाते. समोरचा मधला भाग धूसर होतो, लाल-हिरवे रंग फिके पडतात. तंबाखूबरोबर निकस आहार आणि दारू यांचाही त्यात हात असतो, हे पुढं कळलं. मोठी परीक्षा झाली ती आपल्यासारख्या बायकांमुळं. अमेरिकेतल्या हजारो नर्सबाया वर्षानुवर्षं आपल्या सवयी आणि दुखणी लिहून कळवत होत्या. १९९२ मध्ये त्यांतल्या ५०,००० हून अधिक जणींची माहिती मांडली गेली. सगळ्यात जास्त ओढणाऱ्यांना मोतीबिंदू काढायची वेळ न ओढणाऱ्यांपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक प्रमाणात आली होती. १९९६ मध्ये ३१,००० हून अधिक जणींच्या माहितीवरून दिसलं की रोज २५ किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांत दृष्टिपटलाचा मधला भाग झिजण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवता येतं. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला की मात्र गेलेली नजर सहसा परत येत नाही. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, पोथीची ओळ दिसत नाही. ऑस्ट्रेलियात २००६ पासून सिगारेटच्या पाकिटावर, धूम्रपानानं आंधळेपण येतं, असा इशाराच छापायला लागले.

आणि डोळ्यांतून पाणी येतं ते डोळा धुऊन निघतो म्हणून नव्हे. धूर डोळ्यावरचा ओलाव्याचा पातळ थर बिघडवतो, डोळा चुरचुरतो आणि स्वतःला वाचवायला पाणी सोडतो. मिश्री भाजताना, चुलीशी फुंकर घालताना, नवऱ्याच्या विडीशेजारी बसून आपण बायका तेच सोसत आलो. न ओढणाऱ्याच्या डोळ्यालाही धूर सोडत नाही.

डोळ्यांचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याच भागातल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज. १९५५ मध्ये कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. का? नजर गेली होती. पायाखालचा जीव दिसेना, ईर्यासमिती पाळता येईना, मग हे शरीर ठेवून काय करायचं, असा त्यांचा निर्णय. मुनींचं व्रत आपल्याच्यानं पेलवणार नाही. पण आपल्या धर्मात डोळा ही अहिंसेची वस्तू आहे, एवढं तरी त्यातून घ्यावं. दिसलं तर जीव वाचवता येतो. असा डोळा जाणूनबुजून धुरात घालायचा आणि वर विडी सप्तव्यसनांत नाही म्हणायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

मी कुणाला दोष द्यायला बसले नाही. तंबाखू पिकवणाऱ्याला दुसरं कुठलं पीक तेवढा पैसा देईल, वखारीतल्या बाईला दुसरं काय काम मिळेल, हे प्रश्न खरे आहेत आणि नुसता उपदेश करून ते सुटणार नाहीत. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पोराचं बोट कापलं तर जखम स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा. आज्जीची तंबाखू नको. आणि घरातल्या माणसाचं ऑपरेशन ठरलं, मग ते पोटाचं असो की डोळ्याचं, तर डॉक्टरांना खरं सांगा. विडी, सिगारेट, मिश्री, जे असेल ते, आणि किती ते सुद्धा. जैनाचं घर म्हणून लाज वाटेल. आईलाही तीच लाज वाटली होती. पण सत्य हेही आपल्या पाच व्रतांतलंच एक आहे.

अण्णांनी त्या दुखण्यातून उठल्यावर विडी सोडली. एका दिवसात नाही, दोनदा परत धरली आणि तिसऱ्यांदा सुटली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा मीच त्यांच्याबरोबर गेले. त्या डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "चाळीस वर्षं ओढली साहेब. आता दोन वर्षं झाली, बंद आहे."